पेल्यातले पाच

इंग्रजीतलं ‘पंच’ हे पेय आपल्या ‘पाच’वरून आलं, ही गोष्ट आपल्याकडे इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती तपासून पाहावी असं आता कुणाला वाटत नाही. दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला असे पाच पदार्थ एकत्र केले म्हणून पंच. वखारीतल्या इंग्रजांनी ते नाव उचललं, विलायतेला नेलं आणि तिथून ते जगभर गेलं. गोष्ट सुटसुटीत आहे, ऐकायला गोड आहे आणि ऐकताना आपली मान जराशी ताठ होते. शब्दांच्या बाबतीत अशा सुटसुटीत गोष्टीपाशीच जास्त वेळ थांबावं लागतं.

थांबण्याजोगा हा शब्द आहेही. आज मिश्र पेयांचा विषय निघाला की तोंडात ‘कॉकटेल’ येतं. पण कॉकटेल हा नंतरचा, अमेरिकेत वाढलेला प्रकार. त्याच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षं इंग्लंड आणि अमेरिकेत राज्य केलं ते पंचने. टेबलाच्या मधोमध मोठा वाडगा, त्यात पळी आणि भोवती माणसं, ही बैठकीची रीत त्यानेच रूढ केली. न्यूयॉर्कच्या जेरी थॉमसने 1862 मध्ये पेयं मिसळण्याचं पुस्तक काढलं. अमेरिकेतलं या विषयावरचं ते पहिलं मोठं पुस्तक. त्यातही पंचचे कितीतरी प्रकार आहेत आणि अरक घालून केलेला पंचही आहे. म्हणजे कॉकटेलच्या घराण्याचा वंशवृक्ष काढायचा तर सुरुवात या वाडग्यापासून करावी लागते, आणि वाडग्याचा माग काढत गेलं की आपण हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागतो.

आधी साक्षीदार बोलावू. या पेयाचं नाव लिखित स्वरूपात सापडतं ते 1632 सालच्या एका पत्रात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या रॉबर्ट ॲडम्सने आंध्र किनाऱ्यावरच्या पेटापोलीच्या वखारीतल्या सहकाऱ्याला ते लिहिलं आणि त्यात पंच पिण्याचा उल्लेख केला. पंच म्हणजे काय हे तो समजावून सांगत नाही. याचा अर्थ लिहिणारा आणि वाचणारा, दोघांच्या तोंडी हा शब्द तोवर रुळलेला होता. सहा वर्षांनी, 1638 मध्ये, मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला आला. इंग्रज जे पेय पितात त्याचं नाव त्याने ‘पालेपुंट्झ’ असं लिहून ठेवलं. हा काही वेगळा शब्द नाही. ‘बोल ऑफ पंच’, म्हणजे वाडगाभर पंच, हे परक्या कानाने जसं ऐकलं तसं उतरवलेलं आहे. त्याने घटकही दिले आहेत: दारू, गुलाबपाणी, लिंबूवर्गीय फळाचा रस आणि साखर. मोजून चार.

1653 मध्ये बूलाय ल गूझ या फ्रेंच प्रवाशाचं पुस्तक निघालं. त्यात ‘बोलपोंज’ आहे. साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेलं बिस्किट असे त्याचे घटक. मोजून पाच, पण पाण्याचा पत्ता नाही आणि बिस्किट मात्र आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा प्रवासी त्या शब्दाला साफ ‘इंग्रजी शब्द’ म्हणतो. पुढे औरंगजेबाच्या काळात इथे राहिलेला फ्रान्स्वा बर्निये बंगालच्या वर्णनात ‘बूलपोंज’बद्दल लिहितो. गुळाच्या काळ्या साखरेपासून गाळलेला अरक, लिंबाचा रस, पाणी आणि वरून किसलेलं जायफळ. चवीला छान, प्रकृतीला वाईट, असा त्याचा अभिप्राय आहे. तो डॉक्टर होता आणि बंगालच्या हवेत पटापट मरणाऱ्या युरोपीय खलाशांमागे हे पेयही एक कारण आहे, असं त्याचं निरीक्षण होतं.

आणि मग येतो आपला मुख्य साक्षीदार, जॉन फ्रायर. हाही कंपनीचा डॉक्टर. 1673 मध्ये तो हिंदुस्थानात आला, मुंबई-सुरतेला राहिला, जुन्नरपर्यंत जाऊन आला. शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेल्या इंग्रज वकिलाची हकीकत त्याच्या पुस्तकात आहे, त्यामुळे मराठी अभ्यासकांना त्याचं नाव नवं नाही. 1698 साली छापलेल्या त्या पुस्तकात तो सांगतो की गोव्याकडच्या नेरूळला उत्तम अरक होतो, या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून अंगातली शक्ती काढून घेणारं एक पेय करतात, त्याचं नाव ‘पॉंच’, आणि हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच. कारण त्यात पाच घटक असतात. लगेच डॉक्टरी सवयीने तो जोड देतो: आमचे वैद्य नाही का पाच द्रव्यांच्या औषधाला ‘डायापेंते’ आणि चारांच्याला ‘डायाटेसरॉन’ म्हणत, तसंच हे.

‘पाच’वाल्या व्युत्पत्तीचा सगळा भार या एका वाक्यावर आहे. युल आणि बर्नेल यांनी 1886 मध्ये काढलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशाने ती उचलून धरली. फारसी ‘पंज’, हिंदी-मराठी ‘पाच’ ही मुळं त्यात दिली आहेत. पुढच्या लोकांनी तिथूनच ती घेतली.

आता विरुद्ध बाजू ऐकू. पहिला आक्षेप घटकांच्या संख्येचा. मांडेल्स्लोचे चार, बूलायचे पाच पण भलतेच, बर्नियेचे चार. जर्मन कवी शिलरने पंचावर गीत लिहिलं तर लिंबू, साखर, पाणी आणि दारू अशी चार तत्त्वंच धरली. पाचाचा मेळ ज्या पेयाला कधी धड जमला नाही, त्याचं नाव पाचावरून कसं?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो उच्चाराचा आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीतल्या ‘पंच’मधला स्वर आजच्यासारखा ‘अ’ नव्हता. तो ‘उ’ होता. उच्चार ‘पुंच’च्या जवळचा. ‘कप’, ‘मड’ या शब्दांतला आजचा ‘अ’सारखा उच्चार दक्षिण इंग्लंडमध्ये नंतर रुळला. उत्तर इंग्लंडमध्ये अजूनही ‘कुप’, ‘मुड’ असे ऐकू येणारे उच्चार टिकून आहेत. जर्मन माणसाने ‘पुंट्झ’ आणि फ्रेंच माणसाने ‘पोंज’ लिहिलं ते त्यामुळेच. आपला ‘पाच’ किंवा ‘पंज’ 1632 मध्ये इंग्रजाने ऐकला असता तर त्याने तो ‘ए’ अक्षराने लिहायला हवा होता. पंजाब किंवा पंडित या शब्दांत ‘अ’साठी ‘यू’ लिहायची रीत पडली ती उच्चार बदलल्यानंतर. फ्रायरने मात्र बाकीच्यांपेक्षा वेगळं स्पेलिंग केलं, ‘पाच’शी जुळेल असं. व्युत्पत्ती मनात धरून त्याने शब्द लिहिला, अशी शंका इथे येतेच.

या आक्षेपामुळे काहींनी वेगळं मूळ सुचवलं. दारू साठवायच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत, खलाशांनी ते तोडून ‘पंच’ केलं असेल. ऐकायला हेही ठीक. पण जुन्या उल्लेखांत हे पेय पिंपाबरोबर येत नाही, वाडग्याबरोबर येतं. पालेपुंट्झ काय, बोलपोंज काय, दोन्हींत वाडगा नावालाच चिकटलेला आहे. शिवाय पिंपात असते ती नुसती दारू, आणि या पेयाची ओळखच मुळी मिसळण्यात आहे.

मग निवाडा काय? इथे मराठी माणसाला एक साक्ष देता येते, आणि ती युरोपातल्या कोशकारांच्या हाताशी सहज येणारी नव्हती. संख्येवरून मिश्रणाला नाव देणं हा आपल्या भाषांचा रोजचा परिपाठ आहे. पंचामृत, पंचगव्य, पंचखाद्य, त्रिफळा, त्रिकटू, दशमूळ. वैद्यकात पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ मिळून पंचकोल होतं. उत्तरेत घोड्याला देतात त्या औषधाला बत्तीस द्रव्यांवरून ‘बत्तिसी’ म्हणत, हे हॉब्सन-जॉब्सनकारांनीही नोंदवलं आहे. म्हणजे इथल्या बाजारात, इथल्या वैद्याकडे किंवा इथल्या स्वयंपाक्याकडे परक्याने ‘हे काय आहे’ असं विचारलं तर उत्तरात संख्या येणं अगदी स्वाभाविक होतं.

आणि संख्या एकदा नावात गोठली की मोजणी थांबते. गणपतीपुढच्या पंचखाद्यात कुणाकडे खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस असतं; कुणाकडे यातलं एखादं गळतं, बदाम शिरतो; पाचाचे सहा झाले तरी ते पंचखाद्यच. गावच्या भांडणात बसलेल्या पंचांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पाच जणांची ती पंचायत. पण तीन बसले तरी पंच, सात बसले तरी पंच, आणि क्रिकेटच्या मैदानावर एकटा उभा असलेला माणूसही पंचच. शब्दातला पाच तिथे केव्हाच विरघळून गेला आहे. त्यामुळे मांडेल्स्लोच्या वाडग्यात चारच घटक होते, हा आक्षेप मराठी कानाला फारसा टोचत नाही.

उच्चाराचा आक्षेप मात्र इतक्या सहज उडवून लावता येत नाही. त्याला एकच उत्तर संभवतं. परका शब्द तोंडी घेताना माणूस तो आपल्या भाषेतल्या ओळखीच्या शब्दाच्या अंगाने वळवतो. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाच्या ‘हू कम्स देअर’चं आपल्याकडे ‘हुकूमदार’ झालं. उलट, मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन, या हुसेन’चं गोऱ्यांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झालं, आणि त्या कोशाचं नावच त्यावरून पडलं. इंग्रजीत ‘पंच’ या उच्चाराचे शब्द आधीपासून होते. भोसकणं, टोचणं या अर्थाचा होता, पिंपाचा ‘पंचन’ होता. पाच किंवा पंज ऐकलेल्या खलाशाने तो ओळखीच्या साच्यात बसवला असणं शक्य आहे. शक्य आहे, इतकंच म्हणता येतं. शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. माझा कल ‘पाच’कडे आहे, पण तो कल आहे. ‘सिद्ध झालं’ असा शिक्का मी त्यावर मारणार नाही.

एक खबरदारीही घ्यायला हवी. एका उच्चाराचे सगळे शब्द एका आईची लेकरं नसतात. बॉक्सिंगमधला ठोसा म्हणजे ‘पंच’ हा टोचण्याच्या लॅटिन मुळाचा. लंडनच्या 1841 साली निघालेल्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचं नाव वाकड्या नाकाच्या बाहुल्यावरून आलं. तो बाहुला इटलीतल्या पुलचिनेल्ला या सोंगाचा वंशज. ते नाव लखनौला पोचलं आणि 1877 मध्ये ‘अवध पंच’ हे उर्दू पत्र निघालं. तिथे वाचणाऱ्याला बाहुला आठवला नसेल; न्याय सांगणारा गावचा पंचच आठवला असणार. शब्द असे रस्त्यात एकमेकांना भेटतात आणि मागाहून पाहणाऱ्याला भाऊ वाटतात.

नावाचा खटला असा लोंबकळत राहिला, तरी वाडग्यात जे घातलं त्याची नावं पाहिली की चित्र पालटतं. तिथे पुरावा भक्कम आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक घटकापाशी मिळतो.

अरक घ्या. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्यातून वाफ निघते, थंड जागी लागते आणि थेंब थेंब जमतो. तो भांड्याला सुटलेला घामच. त्यावरून गाळून काढलेल्या प्रत्येक द्रवाला अरक म्हणू लागले. तुर्कस्तानातली ‘राकी’, लेबनॉनचा ‘अरक’, मंगोलियातली ‘आर्खी’ ही सगळी त्याच घामाची नावं. मराठीत तो ‘अर्क’ होऊन आला: ओव्याचा अर्क, गुलाबाचा अर्क, आणि एखाद्या पोराला ‘तो अर्क आहे’ म्हणतो तेव्हाही सगळा गाळीव सत्त्वांश हाच अर्थ. संस्कृतातला ‘अर्क’ मात्र वेगळा. त्याचा अर्थ सूर्य, आणि रुईचं झाड. कोणार्कमध्ये आहे तो. मराठीत दोन्ही एकाच वेषात वावरतात, त्यामुळे गल्लत सहज होते.

या शब्दाचा सर्वांत सुंदर मुक्काम गोव्यात आहे. 1563 मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात छापलेल्या ग्रंथात माडाबद्दल लिहिताना ‘सुरा’ गाळण्याची रीत सांगितली आहे. गाळून निघालेल्या उत्तम, जळाऊ दारूला इथले लोक ‘फुला’, म्हणजे फूल, म्हणतात. आणि उरलेल्या हलक्या दारूत पहिलीचा थोडा अंश मिसळतात, तिला ‘ओर्राका’ म्हणतात, असं तो लिहितो. आज काजूच्या हंगामात गोव्यातल्या भट्टीवर जा. दगडी कुंडीत बोंडं तुडवून काढलेला रस आंबतो, भट्टीत चढतो, आणि पहिल्या धारेचं जे हलकं पेय निघतं त्याचं नाव ‘उर्राक’. ते पुन्हा भट्टीत जाऊन कडक होतं तेव्हा त्याची ‘फेणी’ होते. ओर्ताच्या काळातली दारू माडाची होती, आजची बरीचशी काजूची आहे. काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलं, त्याचं नावही तिकडच्या तुपी भाषेतलं. झाड बदललं, रस बदलला; पण पोर्तुगीज ओर्राका आणि कोंकणी उर्राक या दोन्ही शब्दांनी भट्टीतला आपला दर्जा साडेचारशे वर्षं सोडला नाही. तेव्हाही हे नाव हलक्याचं होतं, आजही हलक्याचंच आहे. शब्दाची अशी निष्ठा क्वचित पाहायला मिळते.

फेणी या शब्दाचं मूळ ‘फेन’, म्हणजे फेस, असं सांगतात. सुतरफेणीही त्याच नात्यातली, जिभेवर ठेवताच विरघळणारी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका किनाऱ्यावरची भट्टीतली वस्तू म्हणून तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, ही भाषेच्या अंगानेही आनंदाची गोष्ट आहे.

साखर हा दुसरा घटक. ‘शर्करा’चा मूळ अर्थ खडे, वाळूची कच. उसाच्या रसापासून कणीदार पदार्थ करायची विद्या इथे साधली, तेव्हा त्या कणांना खड्यांचं नाव मिळालं. तो फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, इटलीत ‘झुक्केरो’, फ्रान्समध्ये ‘सुक्र’, इंग्लंडात ‘शुगर’ झाला. त्याचीच दक्षिणेकडची शाखा पोर्तुगिजांच्या तोंडून गेली आणि गुळासाठी इंग्रजीत ‘जॅगरी’ आला. ‘खंड’चा अरबी ‘कंद’ होऊन ‘कँडी’ झाली. म्हणजे इंग्रजाच्या घरातल्या गोड वस्तूंची किल्ली ज्या शब्दांत आहे ते इथल्या उसाच्या गुऱ्हाळातून निघाले आहेत.

लिंबाचा माग जरा वेगळा. संस्कृतात ‘निम्बू’, फारसीत ‘लीमू’, अरबीत ‘लैमून’ आणि त्यावरून युरोपात ‘लेमन’ आणि ‘लाइम’. पण पूर्वेकडे मलाय भाषेत ‘लिमाऊ’ आहे, आणि लिंबूवर्गीय झाडांची जन्मभूमीही आसाम-ब्रह्मदेशाच्या बाजूला. तेव्हा हा शब्द बहुधा झाडाबरोबरच पूर्वेकडून आपल्याकडे आला. आपण त्याचे मालक नाही. वाटेतला एक मोठा मुक्काम आहोत.

पाण्याच्या जागी मांडेल्स्लोच्या वाडग्यात गुलाबपाणी होतं. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ हे आधी पाण्याचं नाव, आपण ते फुलाला दिलं. अरबीत ‘ग’ नाही म्हणून तो ‘जुलाब’ झाला. अरबी हकीम कडू औषध गोड पाकातून देत, त्या पाकाला जुलाब म्हणू लागले. युरोपच्या वैद्यांनी तो उचलला, इंग्रजीत ‘जुलेप’ झाला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पुदिना, साखर आणि दारू मिळून ‘मिंट जुलेप’ तयार झालं. तोच जुलाब पूर्वेकडे आला तो थेट पोट साफ करणारं औषध होऊन. आधी माणसं वैद्याकडून जुलाब ‘घेत’. मग औषधाचं नाव परिणामाला चिकटलं आणि जुलाब ‘होऊ’ लागले. केंटकीच्या घोड्यांच्या शर्यतीत चांदीच्या पेल्यातून पितात ते जुलेप आणि आपल्याकडे ज्यासाठी दांडी मारावी लागते ते जुलाब, दोन्हींच्या तळाशी गुलाबाचं पाणी आहे. त्यातला ‘आब’ संस्कृत ‘आप’चा भाऊ, आणि ‘पंज’ आपल्या ‘पंच’चा. दोन्ही एकत्र पाहायचे तर पंजाब हा शब्द आहेच.

अरबीतल्या पिण्याच्या धातूपासून निघालेली भावंडंही याच पंगतीत बसतात. ‘शरबत’ आपल्याकडे सरबत झालं आणि लग्नकार्यात वाटलं जाऊ लागलं, ‘शराब’ बदनाम झाली. लॅटिनमार्गे ‘सिरप’ औषधाच्या बाटलीत गेलं, आणि दारूत फळांचा रस व साखर घालून केलेल्या पेयाला इंग्रजांनी ‘श्रब’ म्हटलं.

ताडीची कथा थोडी दुःखाची आहे. तिचा ‘टॉडी’ झाला. आपला ‘ड’ त्यांच्या कानाला कधी ‘र’सारखा तर कधी ‘ड’सारखा वाटे, म्हणून सुरुवातीला दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये व्हिस्की, गरम पाणी आणि साखर यांच्या मिश्रणाला हे नाव मिळालं. मग तिथल्या लोकांनी एडिंबरोजवळच्या ‘टॉड्स वेल’ या झऱ्यावरून तो आल्याची गोष्ट रचली. आपण ‘पंच’वर हक्क सांगतो तशीच ती माणसं ‘टॉडी’वर सांगत होती. पण दुःख याचं नाही. मराठीत माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी, आणि पहाटे उतरवलेली, न आंबलेली ती नीरा. झाड चढणाऱ्याला हा भेद जिभेवर कळतो. इंग्रजीने सगळ्यांना मिळून एकच ‘टॉडी’ हा शब्द ठेवला, आणि आता आपणही त्यांच्यासारखं सगळ्यालाच ताडी म्हणू लागलो आहोत.

आता कॉकटेलकडे एक नजर टाकू, कारण तिथे सुटसुटीत गोष्टींचा सुकाळ आहे. 1806 च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने वाचकाच्या शंकेला उत्तर देताना कॉकटेलची व्याख्या छापली: कोणतीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. पुन्हा चार घटक, आणि पंचापेक्षा फरक एवढाच की लिंबाच्या जागी कडवट अर्क आला. नावाबद्दलची लोकप्रिय गोष्ट अशी की न्यू ऑर्लिन्सचा औषधविक्रेता पेशो अंडं ठेवायच्या छोट्या पेल्यातून, म्हणजे फ्रेंच ‘कोकेतिए’तून, आपलं पेय देई आणि त्याचं कॉकटेल झालं. पण या पेशोचा जन्म 1803 च्या आसपासचा. 1806 मध्ये तो तीन वर्षांचा होता. एवढी एक तारीख लावली की सगळी गोष्ट कोसळते. त्याहून जुना, 1798 चा उल्लेख लंडनच्या एका वृत्तपत्रात आहे, आणि तिथे कॉकटेलला सामान्य लोक ‘आलं’ म्हणतात असं लिहिलं आहे. त्यावरून काही संशोधक घोडेबाजाराकडे बोट दाखवतात. मरगळलेल्या घोड्याला आलं लावून त्याची शेपूट ताठ करायची युक्ती दलाल करत. तरतरी आणणाऱ्या पेयाला तेच नाव पडलं, असा त्यांचा तर्क. पटण्याजोगा आहे. आणि इंग्रजीतला ‘जिंजर’ हा संस्कृत ‘शृंगवेर’चा ग्रीक-लॅटिनमार्गे गेलेला वंशज आहे, हे त्यात जोडलं की कॉकटेलच्या पेल्यातही आपल्या किनाऱ्याचं थोडं आलं पडलेलं दिसतं.

शब्दांवर प्रेम करणाऱ्याला या सगळ्यातून घ्यायचं ते हे: व्युत्पत्ती गोष्टीने ठरत नाही, ती तारीख, उच्चार, जागा आणि वस्तू या चार साक्षींनी ठरते. ‘पंच’च्या बाबतीत जागा आणि वस्तू आपल्या बाजूने आहेत, उच्चार उलट साक्ष देतो, तारीख मध्ये उभी आहे. अशा वेळी ‘हा शब्द आमचा’ म्हणून मिरवण्यात मला रस नाही. आपल्या भाषेचा मोठेपणा त्या एका शब्दावर टांगलेला नाही. अरक अरबांकडून आला आणि आपला अर्क झाला, लिंबू पूर्वेकडून आलं, काजू ब्राझीलहून आला, शर्करा इथून निघाली आणि जगभर गेली. या किनाऱ्यावर शब्द उतरत होते, चढत होते, आणि ते वाहणारी माणसं होती खलाशी, भंडारी, भट्टीवाले आणि वखारीतले हमाल. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांनी वाहिलेले शब्द तेवढे शिल्लक आहेत.

म्हणून काम करायचं ते या शब्दांवर. झाडावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या, भट्टी लावणाऱ्या गोवेकराच्या आणि नीरा उतरवणाऱ्या माणसाच्या तोंडी हत्यारांची, मडक्यांची, रसाच्या अवस्थांची शेकडो नावं आहेत, आणि चढणारी माणसं दर पिढीला कमी होत आहेत. ‘उर्राक’ ओर्ताने 1563 मध्ये लिहून ठेवला म्हणून आज त्याची निष्ठा आपल्याला दाखवता येते. आपल्या कोशकारांनी, विद्यापीठांनी आणि गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी भट्टीवर आणि माडाखाली जाऊन हे शब्द आजच्या तारखेसह, उच्चारासह, गावाच्या नावासह उतरवून घेतले, तर चारशे वर्षांनी कुणालाही मराठी शब्दासाठी परक्या डॉक्टरच्या एका वाक्यावर विसंबावं लागणार नाही.